सावलीचा परवाना

कोकणात उन्हाळा घामावरून कळतो. मे महिन्यात दापोलीकडे नुसतं ओटीवर बसलं तरी सदरा पाठीला चिकटतो, आणि तो चिकटला की माणूस आपसूक माठाकडे वळतो. मक्केत ही खूणच नाहीशी झाली. पारा चाळिशीच्या बराच पुढे, समोरचे डोंगर काळपट आणि उघडेबोडके, रस्त्यावरची हवा थरथरताना डोळ्यांना दिसते आहे, आणि माझी कातडी मात्र कोरडी ठणठणीत. दंडावरून हात फिरवला तेव्हा बोटांना मिठाचा खरखरीत थर लागला. घाम येत होता. तो दिसायच्या आधीच हवा त्याला पिऊन टाकत होती. अशा उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी निघून जाऊ शकतं, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या देशातलं हे पहिलं आश्चर्य मला भीतीदायक वाटलं.

2025 च्या जूनमध्ये मी अम्मीला घेऊन हजला गेलो होतो. हजचे दिवस चांद्र पंचांगावर ठरतात आणि दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात. साधारण तेहतीस वर्षांत हज सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. आमचा नंबर कुर्ऱ्यात, म्हणजे सोडतीत, लागला तो भर उन्हाळ्यातल्या हजसाठी, आणि घरचे सगळे धास्तावले. कारण आदल्याच वर्षीच्या बातम्या ताज्या होत्या. 17 जून 2024 ला मक्केच्या मोठ्या मशिदीपाशी 51.8 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं, आणि त्या हजमध्ये 1,301 माणसं गेल्याचं सौदी सरकारने जाहीर केलं होतं. धाकट्या मामूंनी अम्मीला सरळ विचारलं, "पुढच्या वर्षी नाही का जाता येणार?" अम्मी म्हणाली, "पुढच्या वर्षी माझे गुडघे याहून बरे असतील का?" विषय तिथेच मिटला.

त्या 1,301 च्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा जाहीर झाला होता, आणि त्याचा अर्थ मला मक्केत पाय ठेवेपर्यंत नीट कळला नव्हता. गेलेल्यांपैकी 83 टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. आपल्याकडे बसून वाचताना वाटतं, नियम मोडला, कागद नव्हता, बस. तिथे गेल्यावर दिसतं की कागद म्हणजे काय. गळ्यात अडकवायचं एक कार्ड मिळतं, 'नुसुक' नावाचं. ते दाखवलं की मिनात तुमच्या नावाची गादी असते, अराफातच्या मैदानात थंड हवेचा तंबू असतो, एका जागेहून दुसरीकडे जायला बस नाहीतर मेट्रो असते, हरवलात तर तुमचा तंबू कोणता ते पोलिसाला कळतं. कार्ड नसलेला माणूस नाकी चुकवत डोंगराच्या कडेकडेने चालतो, पुलाखाली झोपतो, आणि दुपारी बारा वाजता त्याला पाठ टेकायला कुठेही जागा नसते. ऊन दोघांवर सारखंच पडतं. एकाकडे सावलीचा परवाना असतो, दुसऱ्याकडे नसतो, एवढाच फरक आणि एवढाच जीवघेणा. आयुष्यभर पै-पै साठवूनही अधिकृत हजचा खर्च न झेपलेली गरीब म्हातारी माणसं दलालांच्या शब्दावर विसंबून साध्या प्रवासी व्हिसावर तिथे उतरतात. त्यांच्याकडे बोट दाखवणं मला जमत नाही. त्यांना 'सगळी सोय होईल' म्हणून सांगून पैसे घेणाऱ्यांचा मात्र संताप येतो.

आता सावलीबद्दलच बोलतो, कारण तिच्यासाठी त्या देशाने जे केलं आहे ते पाहून मी थक्क होत राहिलो.

मदिनेत मशिदीच्या आवारात 250 प्रचंड छत्र्या आहेत. सकाळी त्या फुलासारख्या उमलतात आणि हजारो माणसं एकदम सावलीत येतात. खांबाखांबांवर पाण्याचे तुषार उडवणारे पंखे. मक्केत काबाभोवतीच्या फरशीवर मी भर दुपारी अनवाणी उभा राहिलो आणि तळव्यांना गारवा लागला! वर आग, खाली गारवा. माझा विश्वास बसेना. ती फरशी ग्रीसच्या थासोस बेटावरून आणलेल्या पांढऱ्याशुभ्र, जाड संगमरवराची आहे. तो ऊन परतवून लावतो, पोटात साठवत नाही. पण याच फरशीने अनेकांचे पाय जाळले आहेत, ते असे: आत थंड लागलं म्हणून माणूस निर्धास्त होतो, बाहेर पडताना चपला सापडत नाहीत, आणि 'इथेच तर हॉटेल आहे' म्हणत तो डांबरावर पाऊल टाकतो. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झाली आहे त्यांना चटका कळतही नाही, खोलीवर गेल्यावर फोड दिसतात. म्हणून आमच्या गटात प्रत्येकाच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि चपला त्या पिशवीत. मशिदीच्या दाराशी कुणी काढून ठेवायच्या नाहीत, असा अम्मीचा सक्त हुकूम.

मिनात तंबूंचं शहरच आहे. लाखाहून जास्त तंबू, डोंगरांच्या कुशीत ओळीने. 1997 मध्ये इथे लागलेल्या आगीत 343 माणसं गेली, तेव्हापासून आग न धरणाऱ्या कापडाचे, थंड हवेची सोय असलेले तंबू आले. पायवाटांवर उंच खांब, त्यातून पाण्याचं धुकं. काही रस्त्यांना फिकट रंगाचा थर दिलेला, डांबर कमी तापावं म्हणून. स्काउटची पोरं हातात फवारा घेऊन उभी असतात आणि न विचारता तोंडावर पाणी मारतात. कोरड्या हवेत ते पाणी उडून जाताना अंगाला खरोखर थंड करतं. हाच फवारा आमच्या दमट कोकणात मारला तर नुसती चिकचिक होईल.

अराफातला आमची बस पोहोचली तेव्हा सोबतचे लातूरचे चाचा खिडकीतून ओरडलेच, "अरे, हा तर आपला लिंब!" खरंच, जिकडे पाहावं तिकडे कडुनिंब. आपल्या बांधावरचा, आपल्या गुढीवरचा. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात त्या ओसाड मैदानावर सुमारे 50 हजार कडुनिंब लावले, जगवले, आणि आता लाखो परदेशी माणसं त्यांच्याखाली बसून दुआ मागतात. त्या वर्षी हजसाठी सुमारे 16 लाख 73 हजार माणसं आली होती. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या चाचांना परक्या देशात ओळखीचं पहिलं भेटलं ते झाड.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती न कळल्यामुळे आपली माणसं जिवावर बेतून घेतात. पुष्कळांच्या मनात पक्कं असतं की जितका त्रास सोसाल तितकं पुण्य, सवाब. इहरामात, म्हणजे हजच्या खास वेशात, पुरुषाने डोकं झाकायचं नाही, म्हणून छत्रीही नको, असं मानणारे मला भेटले. टोपी, फेटा चालत नाही हे खरं, छत्री चालते. खुद्द पैगंबरांच्या हजचं वर्णन हदीसच्या ग्रंथांत आहे. अराफातला निघताना त्यांनी नमिरा इथे आपल्यासाठी तंबू ठोकायला सांगितला होता आणि सूर्य कलेपर्यंत ते तंबूतच थांबले. पुढे जमरातला, म्हणजे सैतानाच्या खुणेच्या खांबांना, खडे मारताना एक सोबती त्यांच्या उंटाचा लगाम धरून होता आणि दुसऱ्याने कापड उंच धरून त्यांच्यावर सावली केली होती. रात्रीच्या मुक्कामाच्या मुजदलिफाहून अशक्त माणसांना आणि बायकांना त्यांनी गर्दीआधी रात्रीच पुढे जाऊ दिलं. ज्याने धर्म शिकवला त्याने स्वतः सावली घेतली, आणि आपण ती नाकारून कोणता मोठेपणा मिळवणार? मिनातल्या तंबूत आमच्या गटातल्या तरुण मौलानांनी हे सगळं समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओळीत छत्र्याच छत्र्या दिसल्या. माझ्या मते आरोग्याच्या दहा पत्रकांनी झालं नसतं ते काम त्या अर्ध्या तासाने केलं.

आणि तहानेचं म्हणाल, तर ती या यात्रेच्या गाभ्यातच आहे. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा जायचं, त्याला सई म्हणतात. कशाची आठवण आहे ती? हाजरा नावाच्या एका आईची. तान्हा इस्माईल तहानेने रडत होता, आणि ती पाण्यासाठी या टेकडीवरून त्या टेकडीवर धावत होती. पाणी अखेर बाळाच्या पायाशी फुटलं, तोच जमजम. आज ती वाट छताखाली, थंड हवेत आहे, सगळी मिळून तीन किलोमीटरच्या थोडी वर भरते. चाकाच्या खुर्च्यांसाठी मधून वेगळी वाट आहे. दर थोड्या अंतरावर जमजमची पिंपं. अम्मी प्रत्येक फेरीला थांबून पेलाभर पाणी प्यायची आणि म्हणायची, "हाजराबीबीला मिळालं नव्हतं, मला मिळतंय. न पिणं म्हणजे नाशुक्री, कृतघ्नपणा."

दापोलीत हे कधी लक्षात आलं नसतं, पण तिथे कळलं की म्हाताऱ्या बायका पाणी का पीत नाहीत. तहान लागत नाही हे एक कारण. वय वाढलं की तहानेची जाणीवच मंदावते. मोठं कारण संडासाची रांग. मिनात, अराफातमध्ये ती रांग लांब असते, गुडघे धरलेले असतात, वुजू (नमाजआधीचं हात-पाय-तोंड धुणं) पुन्हा करावा लागतो, सोबतीला कुणाला उठवायचा संकोच वाटतो. मग बाई काय करते, पिणंच बंद करते. कुणाला सांगत नाही. दुपारपर्यंत डोकं जड होतं, चक्कर येते, आणि ती म्हणते, 'थकलेय, पडते जरा.' बायकांच्या तंबूत आम्हा पुरुषांना जाता येत नव्हतं. अम्मीने आणि चिपळूणच्या एका निवृत्त नर्सबाईंनी मिळून आपसात जोड्या लावल्या. प्रत्येकीने आपल्या जोडीदारणीला तासातासाला पाणी द्यायचं, रांगेत बरोबर जायचं, आणि लघवीचा रंग गडद झाला का हे न लाजता विचारायचं. जलसंजीवनीच्या पुड्या प्रत्येकीच्या बटव्यात. साधं पाणी भसाभसा पिऊन भागत नाही, गेलेलं मीठही परत द्यावं लागतं. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असते आणि ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र किती पाणी, किती मीठ, गोळीचं काय, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरकडूनच ठरवून घ्यायला हवं. इन्सुलिनची पेनं नर्सबाईंनी थंड पिशवीत ठेवायला लावली होती; उन्हात तापलेलं इन्सुलिन निकामी होतं.

अराफातचा दिवस 5 जून. सरकारचा हुकूम होता की सकाळी 10 ते दुपारी 4 तंबूबाहेर पडू नका. मैदानाच्या मध्ये जबल-ए-रहमत नावाची छोटी टेकडी आहे आणि त्या टेकडीवर चढलंच पाहिजे असा अनेकांचा समज असतो. तसं काही नाही. अराफातच्या हद्दीत कुठेही, तंबूत गादीवर बसूनही, वुकूफ, म्हणजे त्या दिवशी तिथे थांबण्याचा विधी, होतो. आमचे बहुतेक लोक थांबले. लातूरचे चाचा दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर, कुणाचं लक्ष नसताना, टेकडी बघायला निघून गेले. तासाभराने परत आले ते बोलत बोलत. आम्हा पुरुषांतही तशाच जोड्या होत्या; त्यांचा जोडीदार होता उदगीरचा एक शिक्षक. त्याने विचारलं, "चाचा, तंबू नंबर किती आपला?" चाचा म्हणाले, "लातूरची गाडी लागली का?" आणि अंथरूण गुंडाळू लागले.

शिक्षक ओरडला नाही, हसला नाही. त्याने तिथल्या तिथे चाचांना आडवं केलं. आमच्या प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं: उष्माघात झालेल्याला आपल्याला काही झालंय हे कळत नाही, कारण ज्याने कळायचं तो मेंदूच तापलेला असतो. दुसऱ्यालाच ते ओळखावं लागतं. बोलणं असंबद्ध झालं, की थकवा समजून झोपू द्यायचं नाही. आम्ही अंगावरची चादर बाजूला केली, पाण्याने अंग भिजवलं, पंख्यासमोर धरलं, मानेला, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या. शुद्ध धड नव्हती म्हणून तोंडात पाणी घातलं नाही. ते श्वासनलिकेत गेलं असतं. कुणीतरी स्वयंसेवकांना बोलावून आणलं आणि स्ट्रेचरवरून त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. मी बरोबर गेलो.

तिथे जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. चाचा जाळीच्या पलंगावर होते. चहूबाजूंनी पाण्याचे बारीक तुषार पडत होते आणि वरून हवा सोडली होती, आणि ती हवा गरम होती! तापलेल्या माणसावर गरम हवा? माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिथल्या हिंदुस्थानी डॉक्टरांनी समजावलं. कातडी एकदम बर्फगार केली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात, माणूस कुडकुडू लागतो, आणि आतली उष्णता आतच कोंडते. म्हणून थंड तुषार आणि उबदार वारा. कातडी उबदार राहते, रक्त वर येत राहतं, आणि पाणी भराभर उडून जाताना उष्णता घेऊन जातं. ही युक्ती मक्केतल्याच हाजींसाठी 1980 च्या सुमारास खोगाली आणि वायनर या डॉक्टरांनी बसवली. त्यांच्या यंत्रात पाणी 15 अंशांचं आणि हवा 45 अंशांची. बर्फाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय वैद्यकात आहेच, विशेषतः कसरतीने तापलेल्या तरुणांसाठी. पण म्हाताऱ्या, हृदय कमजोर असलेल्या, एकाच दुपारी रांगेने येणाऱ्या रुग्णांसाठी ही जाळी सोयीची. जगात वैद्यकातली कितीतरी साधनं लढायांमुळे निघाली. हे एक भाविकांमुळे निघालं, याचा मला फार आनंद वाटला.

चाचा संध्याकाळी शुद्धीवर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माझं हज गेलं का?" गेलं नव्हतं. दुपार कलल्यानंतर ते अराफातमध्येच होते, त्यांचा वुकूफ झाला होता. डॉक्टरांनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मीच अवाक झालो. मदिनेच्या इस्पितळांत जे हाजी भरती असतात त्यांनाही या दिवसासाठी रुग्णवाहिकांचा ताफा करून, सलाइनसकट, इकडे आणतात. खाटेवर पडून का होईना, अराफात चुकू नये म्हणून.

पुढचे खडे मारण्याचे विधी चाचांनी वकील नेमून केले, म्हणजे त्यांच्या वतीने शिक्षकाने खडे मारले. अशक्तांना तशी मुभा आहे. अम्मीने मात्र स्वतः मारले, पण सूर्य मावळल्यावर, जमरातच्या मजली पुलावर गर्दी ओसरलेली असताना. तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्या, तोही तिने रात्रीच केला. डोकं भादरायच्या वेळी आम्ही पुरुषांनी वाटेवरच्या फिरत्या न्हाव्याला नकार दिला आणि परवाना असलेल्या दुकानात, डोळ्यांसमोर नवं पातं लावून घेतलं. एकाच पात्यातून काविळीचे विषाणू पसरतात. खोकला सगळ्यांना झाला. तो त्या गर्दीत टळत नाही, तोंडावर मास्क लावून कमी होतो एवढंच. निघण्याआधी घेतलेल्या मेंदुज्वराच्या आणि फ्लूच्या लसींचं महत्त्व तेव्हा पटलं.

रात्री मिनात झोप येत नसे तेव्हा अम्मी फोनवर तिच्या आजोबांची गोष्ट सांगायची. ते मुंबईहून जहाजाने आले होते. 1995 पर्यंत मुंबईहून हजची जहाजं सुटत. त्याच्याही आधीच्या काळात येमेनजवळच्या कामरान बेटावर जहाजं अडवून हाजींना अलग ठेवत, कारण 1865 मध्ये मक्केत पसरलेला कॉलरा परतणाऱ्या हाजींबरोबर युरोपपर्यंत पोहोचला होता. 1897 मध्ये मुंबईत प्लेग होता म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून हजला जाणंच बंद केलं. तेव्हा मृत्युपत्र करूनच घर सोडायचे, आणि गाव वेशीपर्यंत रडत यायचा.

आता हज हळूहळू वसंताकडे आणि मग थंडीकडे सरकतो आहे. पण मे महिन्यातली मक्काही काही सौम्य नसते, आणि खालाचा, म्हणजे मावशीचा, नंबर येत्या वर्षांतच लागणार. म्हणून परतीच्या आदल्या दिवशी अम्मीने तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला, तो मी शेजारी बसून ऐकला: "छत्री पांढरी आणि हलकी घे, माझी जड होती, हात दुखला. व्हॅसलीन बिनवासाचं. मोजे आण, वहाणा जुन्याच घाल, नव्या चावतात. आतापासून रोज फज्रनंतर चालायला लाग, पंधरवडाभर आधी सुरू करून उपयोग नाही. गोळ्यांची चिठ्ठी दोन ठिकाणी ठेव. तिथे एखादी शांत बाई बघून तिच्याशी जोडी लाव, तुझ्यासारखी बडबडी नको. आणि पाणी पिताना संडासच्या रांगेचा विचार करू नको, रांग सरकते."